पोटॅशियम कमी झाले म्हणजे नेमके काय झाले?

तुमच्या हातातल्या रिपोर्टवर ‘सिरम पोटॅशियम’ या ओळीपुढे ३.१ किंवा २.८ असा आकडा आहे आणि शेजारी खाली जाणारा बाण छापलेला आहे. लॅबवाल्याने ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच सांगितले, शेजारच्या काकूंनी रोज दोन केळी खायला सांगितली आणि घरातले कोणीतरी म्हणाले, ‘एक सलाईन लावून घे, तरतरी येईल.’ या तीन सल्ल्यांपैकी पहिला बरोबर आहे, दुसरा बहुतेक वेळा अपुरा पडतो आणि तिसरा कधीकधी प्रकृती आणखी बिघडवू शकतो.

रक्तातले पोटॅशियम कमी होण्याला वैद्यकीय भाषेत हायपोकॅलेमिया म्हणतात. हा स्वतंत्र आजार नाही. टाकीतले पाणी कमी झालेले दिसले की आपण टाकी कुठे गळते आहे ते पाहतो, तसेच इथे आहे. पोटॅशियम कमी खाल्ल्याने ते घटले असे क्वचित होते. बहुतेक वेळा ते शरीरातून कुठून तरी वाहून जात असते, किंवा रक्तातून पेशींमध्ये शिरलेले असते. त्यामुळे ‘काय खाऊ?’ या प्रश्नाआधी ‘जाते कुठे?’ हा प्रश्न सोडवावा लागतो.

शरीरात पोटॅशियम कुठे असते

पोटॅशियम हा एक क्षार आहे. शरीरातल्या एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असते, मुख्यतः स्नायूंच्या पेशींमध्ये. रक्त आणि पेशींबाहेरचे पाणी यांत उरलेले फक्त दोन टक्के असते. प्रत्येक पेशीच्या आवरणावर एक सूक्ष्म पंप असतो, तो सतत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. आत-बाहेरच्या या फरकामुळेच स्नायू आकुंचन पावतो, मज्जातंतूतून संदेश जातो आणि हृदय एका लयीत धडधडते.

आपली तपासणी त्या दोन टक्क्यांचीच होते. म्हणून आकडा थोडासा घसरलेला दिसला तरी आतली तूट मोठी असू शकते. रक्तातला आकडा ४ वरून ३ वर आला, तर शरीरात साधारण २०० ते ४०० मिलिइक्विव्हॅलंट एवढी तूट असल्याचा अंदाज केला जातो. मध्यम आकाराच्या एका केळ्यात जेमतेम ९ ते १० असते. केळ्यांचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

आकडा कसा वाचायचा

प्रौढांमध्ये ३.५ ते ५.० ही सर्वसाधारण पातळी मानतात (लॅबनुसार थोडा फरक असतो). ३.० ते ३.५ म्हणजे सौम्य घट, २.५ ते ३.० मध्यम आणि २.५ च्या खाली तीव्र. पण आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे तो कोणाचा आहे आणि किती वेगाने घसरला हा प्रश्न. धडधाकट तरुणाला ३.२ वर काहीच जाणवणार नाही. ज्याचे हृदय आधीच कमजोर आहे, ज्याला डिगॉक्सिनची गोळी सुरू आहे किंवा ज्याला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याच्यासाठी हाच ३.२ काळजीचा असतो. अशा रुग्णांमध्ये पातळी ४ च्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न केला जातो.

काय जाणवते

सौम्य घटीत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ती सापडते. पातळी ३ च्या खाली जाऊ लागली की स्नायू तक्रार करू लागतात. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड वाटतात, मांड्यांतला जोर जातो.

दवाखान्यात ‘अशक्तपणा’ हा शब्द मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा ऐकतो आणि त्यातले मोजकेच पोटॅशियमचे असतात. झोप कमी, रक्त कमी, साखर वाढलेली, मन उदास, थायरॉइड, ताप येऊन गेलेला, या सगळ्यांना आपण एकच नाव देतो. पोटॅशियमचा अशक्तपणा ओळखायला एक साधी गोष्ट विचारून बघा: थकवा वाटतो की प्रत्यक्ष जोर लागत नाही? उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नसेल, जिना चढताना कठडा धरावा लागत असेल, डोक्यावरची पाटी उचलायला हात वर जात नसतील, तर तो नुसता थकवा नाही. त्यात स्नायूंचे बळ खरोखर घटलेले असते आणि तपासणी करायलाच हवी.

आतड्यालाही स्नायू असतात. ते मंदावले की पोट फुगते, गॅस सरत नाही, बद्धकोष्ठ होते. बरेच दिवस पोटॅशियम कमी राहिले तर मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची क्षमता कमी होते, मग वारंवार लघवी आणि तहान. अशा वेळी रुग्णाला मधुमेहाची शंका येते आणि साखर तर नॉर्मल असते.

खरी भीती हृदयाची आहे. ठोका चुकल्यासारखे वाटणे, मध्येच छाती धडधडणे, चक्कर येऊन पडणे ही लक्षणे हलक्यात घ्यायची नसतात. ईसीजीवर टी लाट चपटी होते, तिच्यामागे यू नावाची एक जादा लाट दिसू लागते आणि पुढे लय बिघडू शकते. तीव्र घटीत श्वासाचे स्नायूही थकतात.

गळती शोधताना: पोट

आमच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त दिसणारे कारण म्हणजे जुलाब आणि उलट्या. पावसाळ्याच्या तोंडावर विहिरी गढूळ होतात, नळाला पाणी कधी येते कधी नाही, आणि दोन-तीन दिवस हगवण लागलेला माणूस ‘आता जुलाब थांबले, पण पाय उचलत नाहीत’ म्हणत येतो. पातळ शौचातून पोटॅशियम भरपूर जाते. उलट्यांचे गणित वेगळे आहे. जठरातल्या रसात पोटॅशियम फारसे नसते, पण आम्ल निघून गेल्याने रक्त अल्कधर्मी होते आणि मग मूत्रपिंडच लघवीतून पोटॅशियम सोडू लागते. म्हणजे तोंडाने उलटी होत असते आणि गळती खालून चालू असते. बोटीवर नव्याने जाणाऱ्या खलाशाला दोन दिवस बोट लागली, अन्नपाणी ठरले नाही, तर तो किनाऱ्याला उतरतो तेव्हा याच अवस्थेत असू शकतो. ओआरएसची चार-पाच पाकिटे तांडेलाच्या औषधांच्या डब्यात असायलाच हवीत.

इथे ओआरएसबद्दल थोडे थांबून सांगतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचे सलाईन संपू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथे ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून हजारो रुग्णांना तोंडाने पाजले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. त्या मिश्रणात पोटॅशियम नव्हते, हाताशी असलेल्या कमीत कमी वस्तूंत ते बनवायचे होते. आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या पाकिटात मात्र पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम असते, म्हणजे एक लिटरमागे २० मिलिइक्विव्हॅलंट. घरी केलेल्या मीठ-साखर-पाण्याने माणूस तगतो, पण त्यात पोटॅशियम नसते. पाकीट मिळेपर्यंत ते जरूर द्या, सोबत शहाळ्याचे पाणी किंवा डाळीचे पातळ पाणीही द्या. पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण रिकामे करायचे, अर्धे पेल्यात आणि अर्धे उद्यासाठी असे करायचे नाही. केलेले पाणी २४ तासांत संपवायचे किंवा टाकून द्यायचे. दुकानात फळांच्या चवीची, खोक्यात मिळणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर जास्त असते आणि जुलाब वाढू शकतात.

गळती शोधताना: गोळ्यांची पिशवी

दुसरे मोठे कारण तुमच्या घरातल्या औषधांच्या पिशवीत असते. रक्तदाब, पायावरची सूज, हृदय कमजोर असणे यासाठी ‘पाणी कमी करणारी’ किंवा ‘लघवीची’ गोळी दिली जाते. फ्रुसेमाइड, टॉरसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही त्यांतली नेहमीची नावे. या गोळ्या सोडियम आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही लघवीतून बाहेर काढतात. आपण अशी गोळी घेतो हेच अनेकांना माहीत नसते, कारण ती रक्तदाबाच्या गोळीतच मिसळलेली असते. गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरे असतील तर बहुधा आत यातलेच एक औषध आहे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते नातवंडांकडून वाचून घ्या.

यात मिठाचा भाग असतो, तो किनाऱ्यावरच्या लोकांनी लक्ष देऊन वाचावा. लघवीची गोळी चालू असताना मीठ जास्त खाल्ले, तर मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांपर्यंत जास्त सोडियम पोहोचते आणि त्याच्या बदल्यात जास्त पोटॅशियम बाहेर जाते. म्हणजे खारे खाल्ल्याने रक्तदाबही वाढतो आणि पोटॅशियमही घटते. आता दांडीत कोणाला सुके खाऊ नका म्हणणे हे मला शक्य नाही आणि तशी गरजही नाही. वलांडीवर उन्हात वाळवलेला बोंबील साधारणपणे बिनमिठाचा असतो. अडचण आहे ती मीठ लावून खारवलेल्या मासळीची, आणि तिच्यासोबत ताटात आलेल्या लोणचे-पापडाची. खारवलेली मासळी करायचीच असेल तर दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवा, कालवणात वरून मीठ घालू नका आणि ती रोजच्या जेवणात ठेवू नका.

पोटॅशियम कमी आले म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. पक्षाघाताचा धोका त्याहून मोठा आहे. डॉक्टर डोस कमी करतील, गोळी बदलतील किंवा पोटॅशियम धरून ठेवणारे औषध जोडतील.

दम्याच्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. साल्ब्युटामॉल, म्हणजे अनेकांच्या तोंडातले ‘अस्थालिन’, पोटॅशियमला रक्तातून पेशींत ढकलते. पंपाच्या दोन फवाऱ्यांनी काही बिघडत नाही. पण दमा उसळल्यावर तासातासाला वाफ घेतली, जोडीला थिओफायलिन आणि स्टेरॉइड असले, तर आकडा बराच खाली येतो. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आणि धुराने छाती भरून येणाऱ्या कामगारांनी घरी वाफेचे मशीन घेतले असेल तर ते किती वेळा लावले हे डॉक्टरांना सांगावे.

संधिवातावर किंवा दम्यावर ‘हमखास गुण’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. त्यानेही पोटॅशियम घटते, सोबत चेहरा सुजतो आणि साखर वाढते. आणि ज्येष्ठमध! घसा धरल्यावर काडी चघळणे वेगळे. पण महिनोन्‌महिने रोज ज्येष्ठमधाचा काढा घेतल्यास त्यातले ग्लिसिरायझिन हे द्रव्य शरीरात मीठ धरून ठेवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार’ असे म्हणून रुग्ण हे सांगतच नाहीत. विचारल्याशिवाय सांगा.

जुलाबाच्या औषधांची रोजची सवय, रोजची दारू किंवा ताडी आणि त्यापायी सुटलेले जेवण, आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षे घेऊन घटलेले मॅग्नेशियम, ही कारणेही दिसतात. मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवू शकत नाही. कितीही औषध दिले तरी आकडा वर येत नाही, तेव्हा मॅग्नेशियम तपासावे लागते.

घामाने पोटॅशियम जाते का?

भट्टीजवळ, बॉयलरवर, डाइंगच्या खात्यात बारा-बारा तास उभे राहणारे कामगार हा प्रश्न नेहमी विचारतात. घामात पोटॅशियम फार थोडे असते, लिटरमागे साधारण ५ मिलिइक्विव्हॅलंट. मीठ त्याच्या कितीतरी पट जाते. त्यामुळे उन्हाळ्यातल्या पेटक्यांचे कारण बहुधा पाणी आणि मीठ यांची कमतरता असते. पण शरीर सुकले की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, ते मीठ वाचवते आणि बदल्यात लघवीतून पोटॅशियम सोडते. रोज चार-पाच लिटर घाम, दुपारी फक्त वडापाव आणि चहा, असे आठवडाभर चालले तर घट होऊ शकते. नुसते पाणी पिण्याऐवजी मधूनमधून मीठ-लिंबाचे सरबत, ताक किंवा ओआरएस घ्या आणि जेवणात डाळ-भाजी ठेवा.

रासायनिक कारखान्यातल्या कामगाराला अचानक उलट्या, जुलाब आणि हातापायांतला जोर जाणे असे झाले, तर तो कोणत्या पदार्थाजवळ काम करत होता ते डब्यावरून लिहून आणा. बेरियमचे काही विरघळणारे क्षार पोटात गेले तर पोटॅशियम वेगाने कोसळते. टोल्युइनसारखे द्रावक दीर्घकाळ हुंगल्यानेही मूत्रपिंडातून पोटॅशियम जाते.

सकाळी उठल्यावर पायच हलत नाहीत

तरुण मुलगा. आदल्या दिवशी जड काम केले किंवा हळदी-लग्नात भरपेट भात-गोड खाल्ले, रात्री ठीक झोपला आणि पहाटे पाय उचलता येईनात. शुद्ध पूर्ण, बोलतो नीट, पण उठता येत नाही. घरचे घाबरतात, लकवा म्हणतात, कोणी बाधा म्हणते आणि आधी भगताकडे न्यायचे ठरते. अशा वेळी पोटॅशियम अचानक पेशींमध्ये शिरल्याने येणारा तात्पुरता लुळेपणा असू शकतो. आशियाई पुरुषांमध्ये त्यामागे थायरॉइड वाढलेले असण्याचे प्रमाण लक्षणीय आहे, म्हणून त्याची तपासणी सांगितली जाते. वेळेत उपचार झाले तर मुलगा काही तासांत पायांवर उभा राहतो.

पण पालघरच्या पट्ट्यात हे लक्षण दिसले की आम्ही आधी मण्यार सापाचा विचार करतो. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार रात्री चावतो, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पापण्या मिटू लागणे, गिळता न येणे, आवाज घोगरा किंवा नाकातून येणे, श्वास लागणे ही मण्यारच्या विषाची लक्षणे. पोटॅशियमच्या लुळेपणात डोळे आणि गिळणे सहसा वाचलेले असते. हा फरक डॉक्टरांसाठी आहे, घरी बसून ठरवण्यासाठी नाही. पहाटे लुळा पडलेला माणूस दोन्ही शक्यतांत थेट रुग्णालयातच न्यायचा.

‘एक सलाईन लावा’

सलाईनच्या बाटलीत जादू आहे ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे, की ते लावायला नकार देणारा डॉक्टर लोकांना कंजूस वाटतो. बाटलीत काय असते ते पाहा. साध्या सलाईनमध्ये फक्त मीठ आणि पाणी. ग्लुकोजच्या बाटलीत साखर आणि पाणी. पोटॅशियम दोन्हींत शून्य. रिंगर लॅक्टेटमध्ये ते असते, पण लिटरमागे फक्त ४ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे अर्ध्या केळ्याहूनही कमी.

ग्लुकोजची बाटली तर उलटे काम करू शकते. साखर रक्तात गेली की शरीर इन्शुलिन सोडते आणि इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ओढून नेते. आधीच २.६ असलेला आकडा ग्लुकोजच्या बाटलीनंतर आणखी खाली जाऊ शकतो. जुलाब-उलट्यांनंतर पायांतला जोर गेलेल्या माणसाला पोटॅशियम न तपासता ग्लुकोज चढवणे म्हणूनच धोक्याचे आहे. तुम्ही डॉक्टरांना विनासंकोच विचारा, ‘बाटलीत काय आहे? आधी पोटॅशियम तपासायचे का?’ याचा राग यायचे कारण नाही.

तपासणी

रक्ताची तपासणी साधी आहे, पण नमुना नाजूक असतो. सुई टोचताना मूठ वारंवार आवळली-सोडली, रक्त काढताना पेशी फुटल्या किंवा नमुना तासन्‌तास पडून राहिला, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटा वाढतो. म्हणजे खरी घट असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. उलट कडक उन्हाळ्यात गरम जागी राहिलेल्या नमुन्यात पेशी पोटॅशियम आत ओढतात आणि आकडा खोटा कमी येतो. गावातून घेतलेले रक्त मोटरसायकलच्या डिकीतून बोईसरला जाणार असेल तर ही गोष्ट महत्त्वाची ठरते. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर शक्यतो थेट लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त द्या.

सोबत क्रिएटिनिन, सोडियम, साखर, मॅग्नेशियम आणि ईसीजी. कारण उघड नसेल तर लघवीतले पोटॅशियम मोजतात: लघवीत कमी असेल तर गळती पोटातून आहे किंवा पोटॅशियम पेशींत शिरले आहे, जास्त असेल तर मूत्रपिंडातून. तरुण वयात रक्तदाब फार वाढलेला असेल आणि गोळीविनाच पोटॅशियम कमी असेल, तर मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत अल्डोस्टेरॉन जास्त बनत असण्याची शक्यता तपासावी लागते. ही गोष्ट बरीच वर्षे निसटून जाते, म्हणून तुम्हीच आठवण करून द्या.

उपचार

सौम्य घट आणि कारण थांबलेले असेल तर आहार पुरेसा होतो. शहाळ्याच्या एका पेल्यात साधारण ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, केळ्यात ३५० ते ४००. पण केवळ फळांवर विसंबू नका. तूर-मूग-चवळी, रताळे, बटाटा, पालक, अळू, माठ, टोमॅटो आणि ताजी मासळी यांतून रोजची गरज सहज भागते. वसईची सुकेळी म्हणजे वाळवलेले केळेच, त्यामुळे वजनाच्या मानाने त्यात पोटॅशियम जास्त. घोलवड-डहाणूच्या चिकूतही असते, केळ्यापेक्षा कमी. भाजी उकळून पाणी फेकले तर पोटॅशियमही पाण्याबरोबर जाते. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दिवसाला ३,५०० मिलिग्रॅम सुचवले आहे.

पातळी ३ च्या आसपास किंवा खाली असेल तर औषध लागते. नेहमीच्या सिरपच्या १५ मिलिलिटरमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम क्लोराइड असते. चव खारट-कडवट आणि पोटात जळजळ करणारी, म्हणून जेवणानंतर, अर्धा-पाऊण पेला पाण्यात मिसळून, हळूहळू घोट घेत प्यायचे. डोस डॉक्टरांनी लिहिला तेवढाच. उलट्या किंवा लघवीच्या गोळ्यांमुळे झालेल्या घटीत पोटॅशियमबरोबर क्लोराइडही गेलेले असते. ते फळांतून फारसे मिळत नाही, म्हणूनही अशा वेळी सिरप केळ्यांपेक्षा उपयोगी.

पातळी २.५ च्या खाली, ईसीजीत बदल, किंवा तोंडाने काही ठरत नसेल तर शिरेतून पोटॅशियम दिले जाते. ते नेहमी पातळ करून आणि हळू द्यायचे, हाताच्या शिरेतून साधारणतः तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत. अँप्यूल थेट शिरेत टोचली तर हृदय बंद पडू शकते. म्हणून हा उपचार ईसीजी आणि पुन्हा तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयातच होतो, घरी बोलावलेल्या कंपाउंडरकडून नाही. सकाळी लुळेपणा येणाऱ्या रुग्णांत तर औषध जपून द्यावे लागते, कारण पेशींत शिरलेले पोटॅशियम परत बाहेर आले की पातळी उलट जास्त होते.

ज्यांनी स्वतःहून पोटॅशियम घेऊ नये

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणारे, आणि बरेच दिवस दुखण्याच्या गोळ्या खाणारे. यांच्या शरीरात पोटॅशियम साचू शकते आणि ते साचणे घटण्याइतकेच घातक आहे. मागच्या वर्षी कमी आले होते म्हणून उरलेली सिरपची बाटली यंदा पायात गोळे आल्यावर उघडू नका. दुकानात ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे मिळते त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचे रुग्ण त्यातून वगळले आहेत. घरात असा रुग्ण असेल तर मिठाची पिशवी उलटवून वाचा. रोज दोन शहाळी पिण्याचा सल्लाही त्याच्यासाठी नाही.

वाट पाहू नये असे प्रसंग

हातपाय उचलता न येणे, श्वास लागणे, छातीत सतत धडधड, चक्कर येऊन पडणे, दोन दिवसांहून अधिक उलट्या-जुलाब आणि त्यासोबत पायांतला जोर जाणे, हृदयरुग्णाच्या रिपोर्टमध्ये ३ च्या खाली आकडा. यांतले काहीही असेल तर १०८ ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. रात्र सरण्याची वाट पाहू नका. रुग्ण चालू शकत असला तरी मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका, वाटेत त्याची पकड सुटू शकते.

पुढची तपासणी कधी

सौम्य घटीवर उपचार सुरू केल्यावर आठवडाभरात पुन्हा रक्त तपासा. लघवीची नवी गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला तर दोन ते चार आठवड्यांत, नंतर सगळे स्थिर असेल तर निदान वर्षातून एकदा, आणि वय झालेल्यांचे किंवा हृदयरुग्णांचे सहा महिन्यांनी. मध्ये जुलाब-उलट्यांचा आजार झाला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना विचारा, कारण त्या दिवसांत लघवीची गोळी तात्पुरती थांबवायची की नाही हेही त्यांनाच ठरवावे लागते. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, काढ्याची बाटली आणि जुना रिपोर्ट एकाच पिशवीत घाला. ‘ती लाल गोळी, सकाळची’ एवढ्यावरून आम्हाला औषध ओळखता येत नाही.